खुआंग मावशीच्या फोनमधल्या मुली

नव्या सिस्टिमवर जुनी चढवली की काही फोन कायमचे मरतात, हे मी वाचलं होतं. तरी खुआंग मावशीच्या फोनवर चढवलीच. तिचा फोन त्या जातीचा नसेल असं वाटलं. होता.

मावशी तेव्हा आमच्या तालुक्यात लग्नं जुळवायची. अपडेटनंतर फोनमध्ये तिला काही सापडेना. "आधीचंच दे," म्हणाली. माझा दुरुस्तीचा गाळा बाजाराच्या जिन्याखाली. तिथे गिऱ्हाइकाला नाही म्हणणं परवडत नाही.

केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला. शेवटी फोनची पाठ उघडून चिमट्यानं बोर्डवरच्या धातूच्या दोन टिकल्या जोडल्या, मेलेला फोन कधी कधी त्यानं जागा होतो. फोन कॉम्प्युटरला ओळख द्यायचा, पडद्यावरची पट्टी जरा सरकायची, थांबायची.

"पाहायला आलेल्या मुलासारखं करतोय," मावशी म्हणाली. "चहा पितो, होकार देत नाही."

"फोटोंची कॉपी कुठे आहे का, मावशी?"

"पोरींच्या आयांना शब्द दिलाय, फोटो माझ्या फोनबाहेर जाणार नाही. म्हणून तर देतात."

आमच्याकडे मुलगे ढीगभर, मुली मोजक्या. गावोगाव पायपीट करून तिनं त्या जमवलेल्या. लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येकीची माहिती फोटोसोबत बोलून ठेवलेली: ही तापट, हिला सासू नको, ही लाजते पण हिशेबाला पक्की.

कंपनीच्या सेंटरवाल्यानं सांगितलं, "बोर्ड बदलतो. आतलं सगळं जाईल."

"मग उरेल काय?" मावशीनं विचारलं.

"फोन."

नवा फोन घेऊन ती पुन्हा दारोदार फिरली. निम्म्या मुली किनाऱ्याकडच्या कारखान्यांत गेलेल्या. उरलेल्यांच्या आया दारातूनच विचारत, "एकदा दिला होता ना फोटो? तो कुणाला दाखवलास?" फोन मेला म्हटल्यावर त्या हसत आणि दार लावून घेत. माझं नाव तिनं कुठेच घेतलं नाही. घेतलं असतं तरी फोटो मिळाला नसता.

आता ती शाळेसमोर भाजलेली रताळी विकते. तिनं जुळवलेलं शेवटचं लग्न माझ्या दादाचं. जुळवणारीला डुकराची तंगडी द्यायची असते. आई म्हणाली होती, वर्षाखेरीला डुक्कर कापू तेव्हा देऊ. मग डुक्कर पाळणंच राहिलं.

मी रताळी घ्यायला थांबलो की मावशी मान वर न करता विचारते, "तंगडी आणलीस?"

"या नववर्षाला, मावशी."

"बरं," ती म्हणते, आणि करपलेलं रताळं शोधून माझ्या पिशवीत टाकते.