मामंजींची दिवेलागण

आमच्या मामंजींना कधी घड्याळ लागलं नाही. दिवेलागण झाली की आधी त्यांना जांभई येई, मग अफूची डबी आठवे. हरभऱ्याएवढी गोळी आणि वर माझ्या हातचा कपभर गोडमिट्ट चहा. मग साऱ्या डिंगोरे गावात त्यांच्याइतकं समाधानी कुणी नसे. व्यसन म्हटलं की मात्र चिडत. "औषीद हाय ते गुडघ्याचं! व्यसन असतं तर कवाच सोडलं असतं."

स्वातंत्र्य आलं आणि चार-पाच वर्षांत ते मामंजींच्या डबीपर्यंत पोहोचलं. परवान्यावरची अफू सरकार वर्षावर्षाला कमी करू लागलं. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मनोनिग्रह करा आणि रोज मोसंबीचा रस घ्या." डिंगोऱ्यात मोसंबी मिळत नव्हती, त्यामुळे सगळा भार मनोनिग्रहावर आला.

गोळी मुगाएवढी झाली तेव्हा त्यांच्या पायांत गोळे येऊ लागले, पोटात कळा, नाकडोळे वाहायचे. मला बघवत नसे. थोरल्या जाऊबाई डबी फडताळात लपवून वर उपदेश करत, "म्हातारपणी तरी देवाचं नाव घ्यावं."

त्याच जाऊबाईंनी भातलावणीला जाताना डबी बाहेर काढली आणि आपल्या तान्ह्यासाठी राईएवढी अफू खुडली. पोराला बाळगोळी देऊन निजवायचं आणि शेत गाठायचं, ही घरोघरची रीत. तिला कुणी व्यसन म्हणत नसे. मामंजी थरथरत उठले. "माजी सोडवताय अन् त्याला लावताय? आन ते पोर हिकडं!"

त्या दिवसापासून पोर त्यांच्या मांडीवर. सुरुवातीला दोघंही रडत. दिवेलागणीला पोराचा नेमका डोळा लागे आणि मामंजी घामाघूम होऊन तसेच बसून राहत. मी डबी पुढे केली की मानेनंच नको म्हणत. होता होता गोळी सुटली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी चार लोकांत त्यांना हार घातला आणि मनोनिग्रहावर भाषण केलं. मामंजी म्हणाले, "निग्रह कसला, सायेब? पोर मांडीवर निजलेलं व्हतं. उटता येत न्हवतं."

त्याच थंडीत तापाचं निमित्त होऊन मामंजी गेले. दिवे लागले की पोर रांगत त्यांच्या घोंगडीपाशी जाई आणि रडून घर डोक्यावर घेई. कुणाच्याच मांडीवर निजेना.

"ह्याची ही सवय कशी गं सोडवायची?" जाऊबाईंनी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं.

मोसंबीचा रस सुचवावा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दिवेलागण झाली म्हणून चुलीवर मीही मामंजींचा गोडमिट्ट चहा टाकून बसले होते.