खिडकीमागचे आप्पा

१९६० च्या सुमारास निपाणीच्या पोस्टात असलेल्या कारकुनाला सगळे आप्पा म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. शिक्का मारण्याआधी ते त्यावर फुंकर घालत. प्रत्येक वाक्याशेवटी "व्हय का न्हाय?" विचारत, पण उत्तरासाठी थांबत नसत.

पोस्टाची बचत सर्टिफिकिटं मोडून मी तंबाखूची वखार बांधली आणि महिन्याभरात प्राप्तिकराची नोटीस आली. वखारीला पैसा कुठला, असा तिच्यात सवाल. माझा पैशाचा व्यवहार आप्पांनाच ठाऊक, म्हणून त्यांनीच चहाडी केली, असं मी भर बाजारात ओरडलो. हे पाप माझंच. लोक त्यांच्या खिडकीकडे फिरकेनासे झाले.

बेळगावला प्राप्तिकराच्या साहेबांपुढे मी गप्प उभा राहिलो. सर्टिफिकिटांचं नाव काढलं तर त्यावरही कर बसेल, अशी भीती. गप्प राहिलो तर दंडापायी वखार जाणार होती.

तेवढ्यात आप्पा आत आले. रजा काढून, माझ्या सर्टिफिकिटांचा उतारा घेऊन.

"साहेब, पैसा ह्यातला हाय. ह्याच्या व्याजावर कर न्हाय. व्हय का न्हाय?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. साहेबांनी उतारा वाचला.

"होय," ते म्हणाले, आणि नोटीस रद्द केली.

बाहेर येताच मी आप्पांच्या पायांशी वाकलो.

"पाय सोडा, अण्णा. ज्या आवाजात मला चहाडखोर म्हटलासा, त्याच आवाजात हे बाजारात सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी घसा बसेपर्यंत ओरडलो. दुसऱ्या दिवशी खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत आली होती. माझी पाळी आली तेव्हा आप्पांनी शिक्क्यावर फुंकर घातली.

"आवाज लई चांगला हाय तुमचा. व्हय का न्हाय?"