ब्रॅकनेलचा हॉल

आधीच सांगते, माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. सांभाळून घ्या. यातलं काहीही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — मुलाला नाही, आणि बुद्धवंदनेला डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा नाही.

माझी सून प्रज्ञा वकील आहे. अमेरिकेत शिकली, कामही तिथल्याच कायद्याचं, फक्त ऑफिस लंडनला. आम्ही लंडनजवळ मेडनहेडला राहतो. बरेच दिवस ती घरूनच काम करते — वरच्या खोलीत, दार लावून. मी चहा घेऊन गेले की लॅपटॉप अर्धा मिटायची. "आई, क्लायंटचं आहे हो, दुसरं काही नाही." दुसरं काही नाही, तर मिटायचा कशाला? मला कुठे इंग्रजी वाचता येतं? मग मी दाराबाहेर थांबायचे. हो, थांबायचे. टॅक्स, टॅक्स, एवढंच कळायचं. लोकांचा टॅक्स चुकवून देत असेल, असं मी मनात धरलं. सरळ कामाला एवढा पगार देतं का कोणी?

एकदा मेथी निवडताना विचारलंच. तीही जुडी घेऊन शेजारी बसली. म्हणाली, अमेरिकेत एखाद्या गावाला इस्पितळ बांधायचं असलं की ते लोकांकडून पैसे उसने घेतात, त्या कागदाला बाँड म्हणतात. लोकांना व्याज मिळतं आणि त्या व्याजावर सरकार टॅक्स घेत नाही, कारण इस्पितळ सगळ्यांचं. पण त्याच पैशातून कोणी आपल्या भावाचं दुकान थाटलं, तर माफी गेली. "पैसा जिथे जायला हवा तिथेच जातो ना, हे तपासून सही करायची. एवढंच माझं काम, आई. बाकी नुसता मनस्ताप." हसली.

मला कळलं होतं. सगळं नीट कळलं होतं — हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला पळता येणार नाही.

आपल्या लोकांची रविवारची वंदना आणि मुलांचे वर्ग भाड्याच्या शाळेत भरतात. ब्रॅकनेलला एक जुना हॉल विकायला निघाला. प्रज्ञाने मीटिंगमध्ये सुचवलं, नुसत्या देणग्यांची वाट नको बघायला, आपणही आपल्याच माणसांकडून उसने घेऊ, थोडं व्याज देऊ, हळूहळू फेडू. इथे टॅक्सची माफी-बिफी नाही, हेही तिने आधीच सांगितलं. सरोदे म्हणून कमिटीत एक आहेत, त्यांनी विचारलं, पुढची खोली मुलाच्या ऑफिसला मिळेल का? प्रज्ञा सगळ्यांसमोर म्हणाली, "नाही काका. लोकांचा पैसा, लोकांचाच हॉल." टाळ्या पडल्या. पैसे जमू लागले. माझी साठवणही मी दिली.

त्या मीटिंगच्या दिवशी सगळे तिच्याभोवती. मला कोणी "जेवलात का" एवढंही विचारलं नाही. गाडीत मिलिंद, माझा मुलगा, म्हणाला, "बघितलंस आई, काय डोकं आहे हिचं!" बघितलं.

मग वेम्बलीला भाजी घेताना कांबळेबाई भेटल्या, हॉलला त्यांनीही पैसे दिले होते. "जय भीम ताई! सूनबाई म्हणजे आता आमची बँकच की हो! पैसे बुडायचे नाहीत ना? तुम्ही घरातल्या, तुम्हाला ठाऊक."

"नाही बुडणार" — एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मी हातातली कारली चाचपत राहिले. म्हटलं, "मला काय कळतंय बाई, मी चौथी शिकलेली. दार लावून बोलते, एवढं खरं. अमेरिकेतल्या लोकांचा टॅक्स वाचवते म्हणे."

एकेक शब्द सुटा काढला तर खोटं काही सापडायचं नाही. आणि माझ्या अडाणीपणाआड मी किती आरामात उभी होते!

आधी कांबळेबाईंनी पैसे परत मागितले. मग त्यांच्या जावेने. मग ब्रॅकनेलच्या आयटीवाल्यांनी — कुणाला मॉर्गेज आठवलं, कुणाला गावचं घर. पुढच्या मीटिंगला सरोदे उठून म्हणाले, "आम्ही कशाला बोलू, मॅडम? तुमच्या घरचीच माणसं सांगतात." प्रज्ञाचा चेहरा उतरला. तिने वळून पाहिलं — माझ्याकडे नाही, मिलिंदकडे. तिच्या कामाच्या वेळांवर तो कुरकुरायचा, तोच कुठेतरी बोलला असेल, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर त्याने कितीदा सांगितलं, "मी नाही गं." तिला पटलं नाही. कितीतरी दिवस दोघं एका टेबलावर जेवत होती आणि मीठसुद्धा माझ्याकडे मागत होती. मी देत होते. मीठ देत होते आणि गप्प होते.

तिला माझा संशय आला असेल का? अजून कप हातात देताना ती क्षणभर थांबली की मला वाटतं — कळलंय हिला. दाराबाहेर पाऊल वाजलं की वाटतं, आता ती उभी आहे, माझं ऐकतेय.

हॉल दुसऱ्याच कुणी घेतला. आता तिथे जिम आहे. मुलांचे वर्ग अजून भाड्याच्या शाळेतच भरतात. प्रज्ञाने कमिटी सोडली, पण त्याआधी एकेकाचे पैसे परत केले. कांबळेबाईंचा फोन आला, "पै न् पै आली हो ताई! पोरगी प्रामाणिक आहे." मी म्हटलं, "हो का?"

मी माझे पैसे मात्र कधीच परत मागितले नव्हते. यावरून समजा, मला काय माहीत होतं.

प्रज्ञा माझ्या खोलीत आली, दार उघडंच ठेवून पलंगावर बसली. म्हणाली, "आई, पैसे परत न मागता शेवटपर्यंत तुम्ही एकट्याच राहिलात." मी मान खाली घातली. तिने फोनवर माझ्या खात्यात पैसे टाकले, मला दाखवले. सगळ्यांचे पूर्ण फिटले होते.