नव्या बुटांची डावी टाच

इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. भुतंखेतं सोडा, मी राशिभविष्यसुद्धा वाचत नाही. पलटणीतला कारकून माणूस... कागदावर नसलेली गोष्ट मानायची सवयच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय.

साताऱ्याबाहेर, कोरेगाव रस्त्याला आमच्या राखीव पलटणीचा तळ आहे. जवान वर्षातून दोन महिने येतात. एरवी कुणी शिरवळच्या कारखान्यात, कुणी आष्ट्याला उसात, एक तर पाचगणीच्या शाळेत आचारी! सगळ्यांना बारमाही पोसणं परवडत नाही, म्हणून ही सोय. कायमचे आम्ही नऊजण.

त्या नवांतले एक नाना — कोठाराचे हवालदार, आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातले. रोज दुपारी जेवण झालं की ते जवानांच्या बुटांचे दहा जोड काढायचे आणि एकेक घालून मैदानाला फेरी मारायचे. बूट मोठा असला तर आत तीन-तीन मोजे. जुन्या दुखापतीनं त्यांचा डावा पाय तिरका पडायचा, त्यामुळे प्रत्येक जोडाची डावी टाच बाहेरून झिजलेली. मी चिडवायचो, "नाना, अख्खी पलटण लंगडी करणार तुम्ही!"

"आवं सायेब, बूट बी मेंढरागत हाय. रोज फिरवलं न्हाई तर आखडतंय. आन् पोरांच्या पायाला फोड आलं, की मग काय लढत्यात?"

मग वरून विचारणा आली — खर्च कमी करायला कुठलं पद गाळता येईल? मी नानांचं लिहिलं. ते निवृत्त होणारच होते. पुढे जागा भरली नाही, एवढंच. निरोपाच्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, "बुटांचं कोण बघंल?"

"नवे बूट येतायत नाना, त्यांना फिरवावं लागत नाही." धडधडीत खोटं बोललो मी.

चार महिन्यांनी नाना गेले. नवे बूट त्यानंतर आले, जुने मोडीत निघाले. खोकी न उघडता कोठारात रचली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये.

यंदा अचानक बोलावणं निघालं. जवान पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीस किलोमीटरची चाल, तीही तपासणी अधिकाऱ्यांसमोर. निम्मे गळाले तर पलटण बंद. कोऱ्या, कडक बुटांत तीस किलोमीटर! पद गाळायचा तो कागद माझ्याच अक्षरात होता.

खोक्यांच्या पट्ट्या शाबूत होत्या. त्या माझ्या हातानं कापल्या. पाचगणीच्या आचाऱ्यानं बूट चढवले, चार पावलं टाकली आणि म्हणाला, "लय मऊ हायत की वो! कुणी चालवलं?"

मी त्याचा बूट उलटा करून पाहिला. डावी टाच बाहेरून झिजलेली. दुसरा जोड... तिसरा... सगळे तसेच. शिवणीत मैदानातली तांबडी माती.

दुसऱ्या दिवशी एकही माणूस गळाला नाही. पलटण राहिली. सगळे जल्लोष करत होते आणि मी कोठारात, रिकाम्या खोक्यांमध्ये बसून रडत होतो. नानांची माफी मागायची राहूनच गेली होती.

चामडं कारखान्यातूनच तसं आलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मग माती?

आता दुपारी जेवण झालं की दहा जोड घेऊन मीच मैदानात उतरतो. माझा पाय अगदी सरळ पडतो, डॉक्टरांकडून खात्री करून घेतलीय. तरी झिजते ती डावीच टाच... बाहेरच्या बाजूनं.