खिळ्यावरचा बिल्ला

"खिशात राहिला म्हणजे? बिल्ला काय रुमाल आहे, भाऊजी?"

धुवायला काढलेला दिराचा शर्ट एका हातात, पितळी बिल्ला दुसऱ्या हातात. वहिनी न्हाणीघराच्या दारातच उभी होती. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते.

कारखान्यात शिलाई खात्याची ती सुपरवायझर, दीर तिच्याच हाताखाली. सिगारेट ओढायला माणसं उठली की अर्ध्या मशिनी बंद पडायच्या, म्हणून तिनेच युक्ती काढली होती. दाराशी एक खिळा, त्याला एकच बिल्ला. तो घेऊन एकाने बाहेर जायचं, दहा मिनिटांत परत लावायचा, मग दुसऱ्याने. चार महिने सगळं सुरळीत चाललं. आज दुपारी बिल्ला गायब झाला. माणसं तोंडातल्या तोंडात तिचा उद्धार करू लागली. इस्त्रीवाला म्हातारा बाहेरून येताना दिसला, तर तिने सगळ्यांदेखत त्याला खिसे उलटे करायला लावले. निघाली चष्म्याची मोडकी काडी आणि खोकल्याच्या दोन गोळ्या. म्हाताऱ्याने ते परत खिशात घातलं आणि तो इस्त्रीकडे वळला.

"मी लावणारच होतो, वहिनी. तेवढ्यात तुम्ही त्याच्यावर तुटून पडलात. मग कसा काढणार?"

"म्हणजे खिसे उलटे होताना तुम्हाला ठाऊक होतं."

दीर नखं बघू लागला.

"अगं, उद्या लवकर जा आणि गुपचूप टांगून ये," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"दोन ताकिदी झाल्यात त्याला," नवऱ्याने पेपर खाली केला. "तिसरीला घरी बसवतात. नोकरी तूच लावलीस, आता तूच घालवणार? घरी तरी सुपरवायझर होऊ नकोस."

ती स्टुलावर टेकली. भांडायलाही जोर लागतो, आणि तिचा जोर कारखान्यातच संपला होता. डोळ्यांसमोर ते उलटे खिसे तेवढे लोंबत होते.

"उद्या सगळे आले की आधी मी त्या म्हाताऱ्याची माफी मागणार," ती म्हणाली. "मग भाऊजी सगळ्यांदेखत बिल्ला लावतील. तिसरी ताकीद मी लिहीन. गॅसवर दूध आहे, कोणीतरी बघा. मी जरा पडते."