बेबीमावशींचा सोमवार

बेबीमावशींना आम्ही सत्कार करून घरी बसवलं.

आज त्यांना माती देऊन आले आहे. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला एक ड्यूटी लावून घेतली.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं. कोण आलं नाही ते बघायचं. आणि सोमवारी त्याच्या घरी जायचं.

बास. एवढंच.

पण आमची काय तारांबळ उडायची! बेल वाजली की बाबा म्हणायचे, "आली गं सीआयडी."

आणि मावशी दारातूनच सुरू,
"काल दिसला न्हाईसा? मटणाच्या रांगंत हुबं ऱ्हायला वेळ हाय, देवाच्या दारात यायला न्हाय व्हय?"

मग चहा. आणि चहा झाला की खरं काय ते विचारायच्या. कुणाची नोकरी गेलेली असायची, कुणाचं घरात पटत नसायचं. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि हात धरून प्रार्थना करायच्या. तेवढं एकच काम त्या हळू आवाजात करायच्या.

हुपरी गावात आमच्या चर्चच्या मंडळीचं एकच घर, सुमनचं. नवरा गेल्यापासून ती घरातच पैंजणांना घुंगरू जोडते, फारशी बाहेर पडत नाही. मावशी गुडघ्याला पट्टा बांधून एसटीने तिच्याकडे जायच्या.

मी म्हणायचे, "मावशी, या वयात कशाला?"

"देवानं अजून ठिवलंय ते काय बसून खायला? गुडघं दुखत्यात, तोंड न्हाई दुखत. प्रार्थना तोंडानंच करायची की!"

गेल्या वर्षी त्या हुपरीच्या स्टँडवर पडल्या.

हाड मोडलं नाही, पण आम्ही घाबरलो. काळजी खरी होती, हे मी आजही म्हणेन.

चर्चच्या कमिटीने ठरवलं. उपासनेनंतर शाल, गुच्छ, फोटो, भाषण. "मावशींनी खूप सेवा केली, आता आराम करावा." जोरात टाळ्या. सोमवारच्या भेटींसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

मावशी शाल हातात धरून म्हणाल्या, "मग सोमवारी मी काय करू?"

आम्ही हसलो. वाटलं, चेष्टा करतायत.

ग्रुप जोरात चालला. कोण आलं नाही की त्याला "मिस यू इन चर्च" आणि हात जोडलेले इमोजी. बेल मात्र कुणाच्याच दारची वाजली नाही.

आणि मावशी खचत गेल्या. गुडघे तेच होते, पण आता त्या गुडघ्यांबद्दलच बोलायच्या. पूर्वी दुसऱ्यांच्या दुखण्यांतून त्यांना सवडच नव्हती. हळूहळू चर्चला येणंही सुटलं.

एकदा भेटायला गेले, तर म्हणाल्या, "हुपरीला कोण गेलतं का?"

"मेसेज टाकलाय मावशी ग्रुपवर."

भल्याभल्यांना तोंडावर बोलणारी बाई नुसती गुडघ्याचा पट्टा सोडत-बांधत राहिली, आणि मला तेव्हाही काही कळलं नाही.

आज सुमन आली होती. कबरीवर फुलं वाहून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली,
"ताई, मावशी यायच्या का बंद झाल्या? मला वाटलं, माझंच काय तरी चुकलं. मंडळीनं टाकलं मला."

मी म्हटलं, "नाही गं. त्यांचं वय झालेलं, म्हणून आम्हीच त्यांना आराम दिला."

"त्यांनी मागितलता व्हय?"

सकाळपासून ग्रुपवर सगळे लिहितायत, 'प्रभू त्यांना चिरविश्रांती देवो.'

माझ्याने ते लिहवत नाही.

मावशी, आमचं चुकलं. फार चुकलं.

तिकडे प्रभूने तुमच्या हाताला काम द्यावं, एवढंच मागते.