सुमीले वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बंद होऊन राह्यलं

फुकटच्या गोष्टीले पैसे कायले द्यायचे, हेच तुमचं दरवेळचं, दिग्रसवाल्यांनो.

आज माह्या आंधळ्या बहिणीचा, सुमीचा फोन आला. तिले मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर एकच माणूस घरी बसून सांभाळते. त्यानं लिहिलं, "कोणतीच संस्था मदत करत नाही, आता थांबतो."

आपल्या शाळेतही तेच चालते. तिथल्या सरांले फोन केला तर हसले, "अरे बावा, फुकट आहे म्हणून तर घेतलं!"

सुमी म्हणे, "भाऊ, परीक्षेपर्यंत तरी चालन का?"

मी सातवी नापास, सुरतेत साड्यांच्या घड्या घालतो. देवळातल्या भंडाऱ्याच्या जेवणाले आपण न मागता वर्गणी देतो, मग याले काहून नाही?

मी त्या माणसाले तीनशे रुपये पाठवून राह्यलो.